घड्याळजींच्या थर्मासची कैफियत

लहान तोंडी मोठा घास घेतोय, याची मला कल्पना आहे. माझं तोंड खरंच लहान आहे. दोन बोटं आत जातात, तिसरं अडतं, म्हणून मला घासायला लांब दांड्याचा ब्रश लागतो. तरी आज बोलणार. मी थर्मास. स्टीलचा, पाऊण लिटरचा, ज्याच्या झाकणाचाच कप होतो तसला. एका घड्याळजींच्या घरात मी तीन वर्षं काढली, आणि त्या तीन वर्षांत घड्याळजींचा एक डोळा माझ्या देखत गेला. दोष कुणाचा, हे त्या घरात अजून कुणी नीट सांगत नाही. मला मात्र सगळं माहीत आहे, कारण सगळं माझ्या पोटातूनच गेलं.

माझा जन्म कारखान्यातला. आत एक भिंत, बाहेर एक भिंत, आणि मधली हवा यंत्राने शोषून घेतलेली. म्हणजे माझ्या दोन भिंतींमध्ये काहीच नाही आणि त्या काहीच नसण्याच्या जोरावर मी गरम ते गरम ठेवतो. तिथे एक बाई प्रत्येक थर्मासात कढत पाणी ओतून बाहेरून तळहात लावून बघायची. माझ्या अंगाला तिने दोनदा हात लावला, मान डोलावली आणि मला पेटीत घातलं. माझ्याबद्दल कुणी एवढी खात्री करून घेतली ती पहिली आणि शेवटची.

मला विकत घेतलं ते घड्याळजींच्या लेकीने. घड्याळजींना बारा वर्षांपासून मधुमेह. सकाळ-संध्याकाळ गोळ्या चालू होत्या, पण दुकानात बसल्या बसल्या दिवसाला सहा कप चहा व्हायचा, तोही चांगला गोडमिट्ट. लेक विद्यापीठात संशोधन करत होती. विषय होता औषधी वनस्पतींचे काढे. तिने चार वनस्पती निवडून त्यांचं एक मिश्रण केलं होतं. एक पान, एक साल, एक मूळ आणि गवती चहा. उकळतं पाणी ओतायचं, दहा मिनिटं झाकून ठेवायचं आणि गाळायचं. ती त्याला काहीतरी लांबलचक शास्त्रीय नाव द्यायची. घरात सगळे काढाच म्हणायचे.

"बाबा, चहाऐवजी हे पीत जा," ती म्हणाली आणि मला त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

घड्याळजींनी एक घोट घेतला आणि चेहरा असा केला की मलाच लाज वाटली. "कुंपण धुऊन पाणी आणलंस काय गं?"

"औषधी आहे."

"मग बरोबर. औषधाला चव असली तर कोण घेईल!"

लेकीचा विचार वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो. गोड चहा सुटावा, एवढंच तिला हवं होतं. तेवढ्यावर गोष्ट थांबली असती तर आज मी गप्प बसलो असतो.

पहिला आठवडा घड्याळजी मला रोज दुपारी दुकानामागच्या मोरीत रिकामा करत आणि समोरून चहा मागवत. माणसं आजारी असली की किती लबाड होतात, ते तेव्हा कळलं. पण घड्याळजींच्या बायकोशी, म्हणजे घरातल्या आईशी, गाठ होती. तिने संध्याकाळी माझं झाकण उघडून वास घेतला, नवऱ्याच्या शर्टावरचा चहाचा डाग बघितला आणि काय ते समजली.  दुसऱ्या दिवशी तिने काढा गाळला, अर्धं लिंबू त्यात पिळलं, पडलेली बी चमच्याने काढून टाकली आणि माझं झाकण घट्ट लावलं.

त्या दिवशी घड्याळजींनी पूर्ण कप संपवला. मग दुसरा. "आज बरा लागतोय," ते स्वतःशीच म्हणाले. चहाचे कप सहाचे दोन झाले. आईने ही लिंबाची गोष्ट कुणापासून लपवली असं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं तिला वाटलंच नाही. भाजीत मीठ घातलं हे कोण सांगत बसतं?

आता प्रयोगशाळेचं सांगतो, कारण घोटाळा तिथे झाला.

एका सकाळी लेक धापा टाकत दुकानात आली. आदल्या दिवशी प्रयोगशाळेतला फ्रिज बंद पडला होता आणि तिचे सगळे काढे नासले होते. मिश्रणाची पुडी संपलेली. आणि तिच्या गाईड सरांना दुपारच्या आत आकडे हवे होते.

"बाबा, आजचा काढा मला द्या. संध्याकाळी थर्मास आणून देते."

"घे की. तुझंच आहे ते," घड्याळजी म्हणाले. डोळ्याला भिंग लावून ते कुठल्यातरी मनगटी घड्याळाच्या पोटात डोकावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

अशी माझी स्वारी प्रयोगशाळेत गेली. तिथे एका बाटलीत गर्द जांभळा द्रव होता. लेक शेजारच्या मैत्रिणीला समजावून सांगत होती, ते मीही ऐकलं. त्या जांभळ्या द्रवात हावरट कण असतात. त्यांच्यात काहीतरी एक कमी असतं आणि ते दिसेल त्याच्याकडून ओरबाडून घेतात. माणसाच्या शरीरातही असे कण असतात. ते फार झाले की चांगल्या पेशींची नासधूस करतात, त्याला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. वनस्पतींमधली काही द्रव्यं आपल्याजवळचं देऊन त्या कणांची भूक भागवतात. भूक भागली की जांभळा रंग उडतो आणि पिवळा उरतो. रंग किती उडाला ते यंत्र मोजतं. मला आवडलं ते. निदान इथे कुणीतरी मोजून बोलतंय, असं वाटलं. काय भाबडा मी!

तिने माझ्यातला काढा थेंबाथेंबाने जांभळ्या द्रवात सोडला. एरवी तिच्या काढ्यांना रंग उतरवायला अर्धा तास लागायचा. माझ्यातल्या काढ्याने डोळ्याचं पातं लवायच्या आत जांभळ्याचं पिवळं केलं.

लेक थांबली. मी शपथेवर सांगतो, ती थांबली. थेंब सोडायची पिपेट तिच्या हातात तशीच होती आणि कपाळाला एक आठी पडली होती. काढ्याला वास येत होता तो गवती चहाचा, आणि तो मुळातच लिंबाच्या वासाचा भाऊबंद. त्यामुळे नाकाने तिला काही सांगितलं नाही. एक फोन केला असता आईला, "कसा केलास गं आज?" एवढंच विचारलं असतं, तर पुढचं काहीच झालं नसतं. तेवढ्यात मागून गाईड सर आले.

"अरे वा! हे काय आहे?" त्यांनी नळी उजेडात धरली. "हे तर सगळ्यांत वरचढ निघालं!"

"सर, पुन्हा एकदा करून बघते. हा काढा घरी केलेला—"

"बघ ना, सवडीने बघ. आधी तक्त्यात भर."

तिने वहीत लिहिलं, 'ताजा काढा, दहा मिनिटे झाकून'. कुठे केला, कुणी केला, हे लिहिलं नाही. सवडीने बघू म्हणून ठेवलेली कामं कधी होतात, हे मी काय सांगावं?

महिन्याभराने विद्यापीठात प्रदर्शन होतं. लोकांना प्रयोग करून दाखवायचा होता. लेक घरी म्हणाली, "आई, उद्या चार कप जास्त कर. आणि साखर-बिखर काही घालू नकोस हं."

"साखर कशाला घालीन? वेड लागलंय का मला?" आई म्हणाली. खरंच बोलली ती. साखर तिने कधीच घातली नव्हती.

प्रदर्शनाला घड्याळजी इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि मला काखेत धरून नेलं. लेकीच्या टेबलापुढे गर्दी जमली. गाईड सर हात वर करून बोलत होते, "लोखंड जसं गंजतं, तसा माणूस आतून गंजत असतो! आणि हा काढा तो गंज थांबवतो!" लेकीने जांभळ्या द्रवात थेंब टाकले. रंग उडाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घड्याळजी टाळ्या वाजवत नव्हते. ते पुढे झाले आणि त्यांनी नळीच्या अगदी जवळ डोळा नेला. आयुष्यभर त्यांनी भिंगातून बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवला नव्हता.

"हाच मी पितो?"

"हो बाबा, हाच." लेक हसत होती. चार वर्षं राबून तिला पहिल्यांदा कुणी शाबासकी देत होतं.

"पुन्हा दाखव."

तिने पुन्हा दाखवलं. तिने थोडं थांबून, "पण बाबा, हे नळीतलं झालं, रक्तात असं होतंच असं नाही," एवढं म्हणायला हवं होतं. तिला हे माहीत नव्हतं असं नाही. तिच्या प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात तिने हेच वाक्य लिहून ठेवलेलं होतं. पण तेव्हा गर्दी होती, सर होते, आणि वडिलांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की ते मोडावंसं कुणालाही वाटलं नसतं.

घरी जाताना घड्याळजी माझ्याशी बोलले. दिवसभर दुकानात एकट्या बसणाऱ्या माणसाला सवय असते वस्तूंशी बोलायची. "गंज मला ठाऊक आहे बाबा," ते म्हणाले. "घड्याळ बंद का पडतं? गंजाने आणि धुळीने. एकदा आतून साफ केलं, तेलाचा थेंब सोडला की पाच-पाच वर्षं बघायला नको. रोज कुणी घड्याळाला तेल घालतं का?" आणि ते हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात त्यांनी खिशातून गोळी काढली. आई रोज निघताना त्यांच्या हातावर ठेवायची, 'दुकानात नाश्त्यानंतर घेतो' म्हणून ते खिशात टाकायचे. रोज घ्यायचेही. त्या दिवशी त्यांनी गोळी हातात धरून थोडा वेळ बघितली आणि सुट्या स्क्रूंच्या डबीत टाकली. मग माझा कप भरून चवीने प्यायले. घरी संध्याकाळची गोळीही 'नंतर घेतो' म्हणून खिशात गेली आणि दुसऱ्या दिवशी त्याच डबीत. मी टेबलावरच होतो, हाताएवढ्या अंतरावर. मला तोंड होतं, पण ते बोलणारं नव्हतं. हे असं आयुष्य तुम्हाला एक दिवस मिळावं, मग समजेल.

पाच महिने हे चाललं. आई विचारायची, "साखर तपासून आलात का?" ते म्हणायचे, "आलो, ठीक आहे." तहान वाढली, तर ते म्हणायचे उन्हाळा आहे. वजन उतरलं, तर लेकच कौतुकाने म्हणाली, "बघा, चहा सोडल्याचा परिणाम!" घरात तीन माणसं, तिघंही एकमेकांवर जीव टाकणारी, आणि तिघांपैकी एकानेही दुसऱ्याला एक धड प्रश्न विचारला नाही. प्रेमाचा मला राग येतो तो अशा वेळी.

एक दिवस घड्याळजींनी भिंग काढून पुसलं. पुन्हा लावलं, पुन्हा पुसलं. त्यांना दिसणाऱ्या घड्याळात एक काळा दोरा तरंगत होता. त्यांना वाटलं, भिंगावर केस अडकलाय. चार दिवस ते भिंग पुसत होते. मऊ कापडाने पुसलं, फुंकर मारून पुसलं, शेवटी नवीन भिंग आणलं. नव्या भिंगातही दोरा होताच. पाचव्या दिवशी भर दुपारी उजव्या डोळ्यापुढे लाल-काळा पडदा पडला. त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि म्हणाले, "दिवे गेले वाटतं." समोरच्या दुकानात दिवा चालू होता.

डोळ्यांच्या दवाखान्यातही मी होतो, आईच्या पिशवीत. डॉक्टरीण बाईंनी साखर तपासली, आकडा बघितला आणि विचारलं, "गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"बंद? छे! मी स्वतः हातावर ठेवते," आई म्हणाली.

घड्याळजींनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. संध्याकाळी आईला दुकान आवरताना ती डबी सापडली. स्क्रूंमध्ये गोळ्याच गोळ्या. तिने त्या मोजल्या नाहीत. डबी ओटीत धरून ती दुकानाच्या पायरीवर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीण बाई लेकीला म्हणाल्या, "साखरेने डोळ्याच्या आतल्या शिरा खराब व्हायला आधीच सुरुवात झाली असणार. पण साखर अशी मोकाट सोडली नसती तर इतकं झालं नसतं. डावा डोळा वाचवू. उजव्याची आशा धरू नका."

लेक दवाखान्याच्या बाकावर आईशेजारी बसली. तिने विचारलं, "आई, तू काढा नेमका कसा करतेस? पहिल्यापासून सांग."

"तू सांगितलास तसाच. उकळतं पाणी, दहा मिनिटं झाकण, मग गाळायचा, आणि शेवटी अर्धं लिंबू."

"लिंबू?"

"मग काय! घशाखाली उतरायचा नाही त्यांच्या. अगं, लिंबाने काय वाईट होतंय? लिंबू चांगलंच की!"

लेकीने दोन्ही हात तोंडावर धरले. ती रडली नाही. आई घाबरून तिची पाठ चोळत विचारत राहिली, "काय झालं? माझं काही चुकलं का?"

"नाही गं. तुझं नाही," लेक म्हणाली. हे मात्र ती शहाण्यासारखं बोलली. आईने नवऱ्याच्या घशाचा विचार केला होता, बाकी काही नाही.

दोन दिवसांनी लेकीने प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने काढा केला, लिंबाशिवाय. रंग उडाला, पण सावकाश आणि अर्धामुर्धा. बाकीच्या काढ्यांसारखाच, ना कमी ना जास्त. मग तिने नुसतं लिंबू पाण्यात पिळून टाकलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत पिवळं. लिंबाला लाज ना शरम.

गाईड सरांना तिने सगळं सांगितलं. सर विचारात पडले आणि म्हणाले, "मग असं कर ना, 'लिंबासह मिश्रण' असं नाव दे. नवा मुद्दा होईल." लेकीने तक्त्यातली ती ओळ लाल शाईने खोडली, वहीत 'नमुना घरचा, त्यात लिंबू, नोंद चुकीची' असं लिहून खाली सही केली. त्यानंतर सर तिच्याशी कामापुरतंच बोलतात. प्रबंध लांबला. चांगलं केलं तिने. पण लाल शाईने डोळा परत येत नाही, हेही तितकंच खरं.

घड्याळजी आता एका डोळ्याने काम करतात. बारीक कामं सोडली. सेल बदलणं, पट्टे बसवणं, एवढंच. आणि गंमत ऐका. दुकानात जो येईल त्याला ते सांगायचे, "काढा चालू होता म्हणून एक डोळा तरी राहिला, नाहीतर दोन्ही गेले असते!"

एकदा पोस्टमन ते ऐकून म्हणाला, "मग आमच्या हिलाही सुरू करतो. तिलाही रक्तदाबाच्या गोळ्यांचा कंटाळा आलाय."

लेक तिथेच उभी होती. "काका, गोळ्या सोडायच्या नाहीत," ती म्हणाली. "काढा प्यायचा तर चहाऐवजी प्या, गोळीऐवजी नाही. बाबांचा डोळा काढ्याने राहिला नाही, गोळ्या सोडल्याने गेला. आणि मी जे दाखवलं होतं, ते लिंबू होतं. मी चुकले होते."

पोस्टमन आला तसा गेला. घड्याळजींनी हातातला पट्टा खाली ठेवला.

"चारचौघांत माझी शोभा केलीस," ते म्हणाले.

"बाबा, मी कधी म्हणाले होते का, गोळ्या बंद करा म्हणून?"

"नाही." त्यांनी चांगला डोळा तिच्याकडे वळवला. "पण चालू ठेवा, असंही म्हणाली नव्हतीस."

लेकीने माझा कप उचलला आणि त्यात पाणी ओतलं. 

माझं म्हणाल तर आता माझ्या तळाला पोचा आलाय. मधल्या पोकळीत कुठूनतरी हवा शिरली असावी, कारण सकाळी भरलेलं दुपारी कोमट होतं. हल्ली माझ्यात साधं पाणी असतं. तुमच्या घरातही कुणीतरी कुणासाठी काहीतरी उकळत असेल, गाळत असेल, डब्यात भरून देत असेल. द्या जरूर. पण देताना तोंडाने दोन वाक्यं जास्तीची बोला, आणि घेणाऱ्याने दोन विचारा. प्रेम आहे म्हणून कळेलच, या भरवशावर राहू नका. त्या भरवशावर राहिलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता रोज सकाळी लेक विद्यापीठात जाण्याआधी दुकानात येते. माझ्या कपात पाणी ओतते, वडिलांच्या हातावर गोळी ठेवते आणि समोर उभी राहते. घड्याळजी गोळी तोंडात टाकतात, पाणी पितात. ती तरी जात नाही. मग ते आ करतात, जीभ उचलतात, आणि ती वाकून आत बघते.